अष्टशील घेण्याआधी शुगरची गोळी तपासा



आषाढी पौर्णिमा जवळ आली की डहाणू-तलासरीच्या आपल्या वस्त्यांमध्ये वर्षावासाची तयारी सुरू होते. विहार धुऊन निघतो, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या वाचनाच्या पाळ्या लागतात आणि पौर्णिमेला अष्टशील कोण कोण घेणार याची विचारपूस होते. या दिवसांत आम्ही वस्तीत गेलो की एक गोष्ट हमखास मागतो, “ताई, तुमच्या गोळ्यांचं पाकीट जरा दाखवा.”

काही जणी हसतात. विहारात आलो आहोत की दवाखान्यात, असं विचारतात. पण ही सवय आम्हाला एका रात्रीने लावली.

डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका वस्तीत साठी ओलांडलेल्या एक आजी आहेत. दर पौर्णिमेला अष्टशील घेण्याचा त्यांचा नेम. मधुमेह दहा वर्षांपासूनचा. त्या दिवशी सकाळी साडेअकराला त्या जेवल्या, बारानंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दिवस छान गेला. रात्री झोपताना मात्र सवयीने शुगरची गोळी घेतली. पहाटे चारला सुनेला जाग आली, तेव्हा आजींचे कपडे घामाने भिजलेले, हात थरथरत होते आणि बोलणं असंबद्ध. शेजारची एक बाई म्हणाली, “बाहेरचं काहीतरी दिसतंय.” सून शिकलेली, तिने त्याकडे लक्ष दिलं नाही आणि आम्हाला फोन केला. यंत्रावर शुगर भरली ४२. आजींना गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी पाजलं आणि लगेच दवाखान्यात नेलं. त्या गोळीचा अंमल लांबतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं.

शुद्धीवर आल्यावर आजींनी पहिला प्रश्न विचारला, “सिस्टर, माझं शील मोडलं का गं?”

या प्रश्नाचं उत्तर आम्ही लेखाच्या शेवटी देणार आहोत. त्याआधी हे सगळं का झालं आणि ते टाळायचं कसं, ते समजून घेऊ.

बारानंतर न जेवणं म्हणजे शरीरात काय होतं?

अष्टशीलातलं सहावं शील विकालभोजनाचं. दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न घ्यायचं नाही. म्हणजे जवळजवळ १८ तास पोटाला विसावा. आजकाल शहरात ज्याला ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणतात, ते याच जातीचं. ठरावीक तासांतच खायचं, उरलेले तास काही खायचं नाही. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळा जेवण्याचा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवण्याचा आणि रोज ४५ मिनिटं चालण्याचा आहार आपल्या अनेक घरांत पोचला आहे. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. नाव वेगळं, घड्याळ वेगळं, पण मधुमेही माणसाने घ्यायची काळजी सगळीकडे एकच.

आपण भात-भाकरी खातो, तिची पोटात साखर होते. ती साखर पेशींमध्ये पोचवण्याचं काम इन्सुलिन करतं. टाइप टू मधुमेहात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. यकृतात आणि पोटाभोवती साठलेली चरबी हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून जाड माणसाचं वजन उतरलं, यकृतातली चरबी कमी झाली की शुगरही उतरते. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासात कमी उष्मांकाच्या आहाराने वजन उतरवलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के जणांची शुगर वर्षभरानंतर गोळीविना आटोक्यात होती.

मग ही जादू घड्याळाची की कमी खाण्याची? अमेरिकेत शिकागो येथे ७५ मधुमेहींवर झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींनी रोज दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खाल्लं, काहींनी दिवसभर पण मोजून कमी खाल्लं. सहा महिन्यांनी तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, दोन्ही गटांत सारखीच उतरली होती. म्हणजे घड्याळ हा कमी खाण्याचा एक सोपा मार्ग आहे, एवढंच. बारापर्यंत ताट दुप्पट भरून घेतलं तर बारानंतरच्या उपाशी राहण्याने काही साधत नाही.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगू. अर्धपोटी राहणं म्हणजे उपवास नव्हे. आपल्या आज्या-पणज्या उपाशी राहिल्या त्या त्यांच्या इच्छेने नव्हे. आज आपण जेवणाची वेळ स्वतः ठरवतो, तेव्हा त्या वेळेतलं जेवण पोटभर आणि सकस असलंच पाहिजे.

आधी गोळी बघा

उपवास झेपेल की नाही, हे माणसाच्या निर्धारापेक्षा त्याच्या गोळीवर अवलंबून असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं. ते इंग्रजीत असतं, म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. वरचं मोठं नाव कंपनीचं असतं, त्यावर जाऊ नका.

मेटफॉर्मिन: ही एकटी गोळी असेल तर शुगर धोकादायक उतरण्याची शक्यता फार कमी. मात्र ती जेवणासोबतच घ्यायची असते. रात्रीचं जेवण नसेल तर रात्रीच्या गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांना विचारा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड: धोका इथे आहे. तुम्ही जेवलात की नाही याची या गोळ्यांना पर्वा नसते, त्या इन्सुलिन बाहेर काढतच राहतात. आजींची गोळी याच जातीची होती. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर हिचा अंमल आणखी लांबतो. कित्येकदा एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही असतात. “मी फक्त मेटफॉर्मिन घेते” म्हणणाऱ्या कित्येक बायांच्या पाकिटावर आम्हाला दुसरंही नाव सापडलं आहे.

इन्सुलिन: डॉक्टरांनी डोस ठरवून दिल्याशिवाय उपवास नाही. आणि उपवास आहे म्हणून स्वतःच्या मनाने इन्सुलिन पूर्ण बंदही करायचं नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, सोबत पाणीही जातं. उपाशीपोटी मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं तर यंत्रावर शुगर फार नसली तरी दवाखाना गाठा.

टेनेलिग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन: एकटी असेल तर धोका कमी. वरच्या दुसऱ्या जातीच्या गोळीसोबत असेल तर धोका आहेच.

म्हणून पौर्णिमेच्या आठ दिवस आधी पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा: “मी अमुक दिवशी दुपारी बारानंतर सकाळपर्यंत जेवणार नाही. त्या दिवशी कुठली गोळी, किती आणि कधी घेऊ?” डॉक्टर बहुतेक वेळा संध्याकाळचा डोस कमी करतात किंवा गाळतात, पण ते त्यांनीच ठरवायचं. उत्तर कागदावर लिहून घ्या आणि कागद गोळ्यांच्या डब्यात ठेवा. आजींच्या घरी असा कागद असता तर ती रात्र टळली असती.

यांनी हा उपवास करू नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया. टाइप वन मधुमेह असलेले. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे. मूत्रपिंडाचा आजार किंवा पायाला न भरणारी जखम असलेले. गेल्या काही महिन्यांत शुगर एकदा तरी जोरात उतरलेली असेल ते. ताप, जुलाब, उलट्या चालू असतील ते. एकटे राहणारे वृद्ध.

टीबीचे औषध चालू असलेल्यांनीही नाही. मधुमेह असेल तर टीबीचा धोका वाढतो आणि टीबीतून उठायला अन्न लागतं. निक्षय पोषण योजनेचे दरमहा १००० रुपये त्यासाठीच आहेत.

सिकलसेलचा आजार असलेल्यांनीही नाही. पालघरच्या पाड्यांमध्ये सिकलसेल आहे आणि विदर्भात आपल्या समाजातही आहे. अशा माणसाला पाणी कमी पडलं तर जीवघेण्या वेदना सुरू होऊ शकतात. शिवाय सिकलसेल असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. तो कमी आला म्हणून निश्चिंत राहू नका, डॉक्टरांना सिकलसेलचं आवर्जून सांगा.

आणि सडपातळ माणसांनो, तुम्हीही जरा थांबा. मधुमेह हा फक्त जाड माणसाचा रोग, असं समजलं जातं. लहानपणापासून पोटाला कमी मिळालेल्या, अंगाने काटकुळ्या माणसांनाही मधुमेह होतो. कुपोषणाशी जोडलेल्या या प्रकाराला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली ‘टाइप फाइव्ह’ असं स्वतंत्र नाव दिलं. वजन आधीच कमी असेल तर उपवासाने शुगर सुधारणार नाही, अंगातलं उरलंसुरलं मांस मात्र झडेल. अशांना जास्त आणि चांगलं खायला हवं.

श्रमाचाही विचार करा. आषाढी पौर्णिमा आवणीच्या दिवसांत येते. दुपारभर चिखलात वाकून भात लावायचा, किंवा सीमेपलीकडे उंबरगाव-वापीच्या कारखान्यात रात्रपाळी करायची, आणि पोटात ग्लिमेपिराइड, हे जमणारं गणित नाही. त्या दिवशी कामावर जायचं असेल तर पाच शील घ्या, वेळेवर जेवा. धम्म तेवढ्याने कमी होत नाही.

बारापर्यंत काय खायचं?

रेशनवर प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला घरामागे ३५ किलो धान्य मिळतं. त्यामुळे आपल्या ताटात आधी डोंगर भाताचा असतो, मग बाजूला जरा रस्सा. मधुमेह्याचं ताट उलटं हवं. ताटाचे चार भाग करा. दोन भाग भाजी, एक भाग डाळ-उसळ, मासे किंवा अंडी, आणि एक भाग भात किंवा भाकरी. आधी भाजी आणि उसळ खा, भात शेवटी. एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते.

महाग काही लागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे टाकळा, कुर्डू, करटोली मिळतात. तलासरीच्या बाजारात वारली भगिनी या रानभाज्या घेऊन बसतात. शेवग्याचा पाला तर दारात असतो. मूग, मटकी, वाल यांना मोड आणा. उडदाची, तुरीची आमटी पातळ पाण्यासारखी नको, घट्ट करा. सुका बोंबील, सुकट, जवळा हे आपल्या किनाऱ्याचं बळ आहे. सुक्या बोंबलात वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. पण मीठही असतं, म्हणून बीपी असेल तर धुऊन घ्या आणि वरून मीठ घालू नका.

नागलीबद्दल एक गैरसमज आहे. नागलीने शुगर वाढत नाही, असं सांगितलं जातं. वाढते. तिच्यात चोथा आणि कॅल्शियम जास्त म्हणून ती पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा चांगली, पण मोजूनच. एक भाकरी ठीक, तीन नाही. तसाच साबुदाणा. आपण जुने उपास सोडले, पण उपवास म्हटला की काही घरांत अजून साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपोसथाला त्याची काहीच गरज नाही.

चिकू तर आपल्या डहाणू-घोलवडची ओळख, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मधुमेह्याने चिकू पूर्ण तोडायलाच हवा असं नाही. पण अर्धा, जेवणासोबत आणि तेवढा भात कमी करून. पेरू मिळाला तर तो जास्त बरा.

उपोसथाच्या दिवसाचं साधं वेळापत्रक असं ठेवा:

सकाळी सातला: एक नागलीची किंवा ज्वारीची भाकरी, एक वाटी मोडाची उसळ किंवा दोन अंडी, काकडी. चहा बिनसाखरेचा.

सव्वाअकराला: दोन वाट्या भाजी, एक मोठी वाटी घट्ट आमटी, मासा किंवा मूठभर शेंगदाण्यांची चटणी, एक वाटी भात किंवा एक भाकरी, ताक. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं.

घरातल्या बाईसाठी वेगळं सांगतो. सगळ्यांना वाढून ती शेवटी बसते, तोवर भाजी-उसळ संपलेली असते आणि उरतो तो भात आणि रश्शाचं पाणी. बारा वाजायला आले म्हणून तेही घाईघाईत. मग संध्याकाळी तिलाच चक्कर येते. त्या दिवशी जिने अष्टशील घेतलं आहे तिचं ताट आधी वाढा. घरातल्या पुरुषांनी वाढलं तर आणखी चांगलं.

विहारात भोजनदान असेल तर आयोजकांना आमची हात जोडून विनंती. पाहुण्यांची भाषणं लांबतात, जेवणाला पावणेबारा होतात आणि मग पंधरा मिनिटांत भात, बटाट्याची भाजी आणि बुंदी कशीबशी कोंबली जाते. भोजन अकराला सुरू करा, भाषणं नंतर ठेवा. पंक्तीत आधी काकडी-टोमॅटो आणि उसळ वाढा. खीर द्यायचीच असेल तर मधुमेह्यांना चमचाभर, नाव घेण्यापुरती.

संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात आणि कालवण खाऊन धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपाशी राहायला सांगितलं नाही. अन्नाची मात्रा जाणून, भानावर राहून जेव, असं सांगितलं. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ते वचन पाठ करायला लावलं आणि रोज जेवताना म्हणायला सांगितलं. हळूहळू राजाचं जेवण कमी झालं आणि अंग हलकं झालं. ज्यांनी स्वतः कठोर उपोषण करून पाहिलं आणि तो मार्ग सोडला, त्या तथागतांची ही शिकवण. मधुमेह्यासाठी यापेक्षा चांगला सल्ला आम्हाला नर्सिंगच्या पुस्तकातही सापडला नाही.

बारानंतरची काळजी

पाणी भरपूर प्या. तहान लागायची वाट बघू नका. बिनसाखरेचा कोरा चहा, लिंबू पिळलेलं पाणी चालेल. विहारात दुपारी सरबत वाटतात, त्याच्या एका पेल्यात सहज तीन-चार चमचे साखर असते. शुगर व्यवस्थित असताना ते घेऊ नका. अंगावर पडेल असं काम दुपारनंतर टाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी “काल उपवास झाला” म्हणून दुप्पट खाऊ नका. नेहमीचा नाश्ता, नेहमीची गोळी.

ज्यांना रोज वेळ पाळून खायचं आहे त्यांनी एकदम १८ तासांवर उडी मारू नये. संध्याकाळी सातला जेवण उरकायचं आणि सकाळी सातपर्यंत काही खायचं नाही, एवढ्यापासून सुरुवात करा. मात्र गोळीचा प्रश्न इथेही आधी विचारायचा.

आणि ताडी. आपल्या किनाऱ्यावर ती ‘झाडाचं पाणी’ म्हणून सहज घेतली जाते. पाचवं शील सगळ्यांना पाठ आहे, आम्ही फक्त वैद्यकीय कारण सांगतो. उपाशीपोटी यकृत साठवलेली साखर रक्तात सोडून आपल्याला सांभाळतं. दारू आणि आंबलेली ताडी यकृताचं हे काम अडवतात. वरून शुगरची गोळी असेल तर झोपेतच शुगर कोसळते आणि घरचे म्हणतात, पिऊन पडलाय, झोपू दे.

शुगर उतरली हे कसं ओळखायचं?

अचानक घाम, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, जोराची भूक, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, असंबद्ध बोलणं. यंत्र असेल तर लगेच बोट टोचून बघा. ७० पेक्षा कमी असेल तर उपवास तिथेच थांबवायचा. यंत्र नसेल तर वाट बघत बसू नका, शुगर उतरली असं धरूनच चाला.

तीन चहाचे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून पाजा, किंवा एक मोठा चमचा मध, किंवा दोन सुपाऱ्यांएवढा गूळ. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. फरक नसेल तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटलं की भाकरी-आमटी असं जेवण घ्या, नुसत्या साखरेवर थांबू नका, ती लवकर संपते. पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलं असेल तर साधी साखर लवकर चढत नाही, ग्लुकोजची पावडर घरात ठेवा. ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी असेल तर बरं वाटलं तरी दवाखान्यात जा, कारण काही तासांनी शुगर पुन्हा उतरू शकते.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

उलट शुगर ३०० च्या वर गेली तरीही उपवास सोडून डॉक्टरांना गाठायचं. रमजानच्या रोज्यांसाठी मधुमेहतज्ज्ञांनी ठरवलेले आकडेही हेच आहेत: ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेलं की रोजा सोडायचा. आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांनाही हे सांगा. आणि बोट टोचल्याने कुणाचाही उपवास मोडत नाही.

तपासणी हा आपला हक्क

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आपल्या वस्त्यांत बहुतेकांना तो कळतो तो जखम चिघळल्यावर किंवा नजर अधू झाल्यावर. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, व्हायला हवी. आशा ताईंकडे नाव नोंदवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, डहाणू आणि कासा येथील उपजिल्हा रुग्णालयं आपलीच आहेत. गोळ्या संपल्या, पट्ट्या नाहीत असं उत्तर मिळालं तर गप्प घरी येऊ नका. लेखी अर्ज द्या, ग्रामसभेत विषय मांडा.

विहाराच्या दाननिधीतून शुगरचं एक यंत्र घेता येईल का, याचाही विचार करा. पौर्णिमेला संध्याकाळी वंदनेआधी अष्टशील घेतलेल्या मधुमेह्यांची शुगर तपासायला दहा मिनिटं लागतात. फक्त टोचायची सुई प्रत्येकाला नवी, यात तडजोड नाही.

आता आजींचा प्रश्न

“माझं शील मोडलं का?”

आम्ही आजींना सांगितलं ते असं. विनयपिटकात भगवंतांनी आजारी भिक्खूंसाठी पाच औषधांना परवानगी दिली आहे: तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे उसाची काकवी-गूळ. ही औषधं आजाऱ्याला बारानंतरही घेता येतात. शुगर उतरल्यावर आम्ही आज जे देतो, तो मध आणि गूळ या यादीत आहे. जीव वाचवायला घेतलेली साखर हे भोजन नव्हे, औषध आहे. तेव्हा आजी, तुमचं शील मोडलं नाही.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हे आधी का नाही सांगितलं कुणी?”

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच हा लेख. आपल्या बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासलं होतं. १९४८ पासून माईसाहेब, डॉ. सविता आंबेडकर, स्वतः डॉक्टर म्हणून त्यांच्या पथ्यपाण्याकडे आणि औषधांकडे लक्ष देत होत्या. तशा शरीरानिशी त्यांनी संविधानाचं काम तडीस नेलं आणि १९५६ साली आपल्याला धम्म दिला. आजार लपवण्यात किंवा औषधाला कमी लेखण्यात कसला मोठेपणा?

आजी आता पौर्णिमेला पाच शील घेतात आणि संध्याकाळी सातला जेवतात. अष्टशील घेणाऱ्या बायांची पाकिटं विहाराच्या दारात त्याच तपासतात. अक्षर दिसत नाही म्हणून नातीला शेजारी बसवतात.

येत्या पौर्णिमेला तुमच्या विहारात हे काम कोण करणार, ते आजच ठरवा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!